कालासचा खटला: निर्दोष होता म्हणून वाईट वाटलं, की हाडं मोडली म्हणून?

ओटीवरून (धागाकर्ता), रवि, रात्री ९:१२

राम राम मंडळी. शेजारच्या धाग्यावर 'युरोपातल्या प्रबोधनानं जगाला काय दिलं' यावरून प्रतिसाद शंभरीपार गेले आणि शेवटी लॉक, रूसो, माँतेस्क्यू अशी तत्त्वज्ञांच्या नावांची जपमाळ तेवढी उरली. कोणी काय लिहिलं ते सगळ्यांना पाठ आहे. पण त्या लिहिण्यामुळे कुणाच्या अंगावरचा एखादा फटका चुकला का, ते कुणी सांगेना. म्हणून हा वेगळा धागा. एकच खटला, जरा निवांत. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

तुलूज, दक्षिण फ्रान्स. फिलातिए गल्लीत झाँ कालासचं कापडाचं दुकान. खाली दुकान आणि वखार, वर बिऱ्हाड. माणूस प्रोटेस्टंट. चौदाव्या लुईनं १६८५ साली प्रोटेस्टंटांची सवलत काढून घेतल्यापासून कागदावर फ्रान्समध्ये प्रोटेस्टंट उरलेच नव्हते. जन्म, लग्न, मरण, सगळ्याची नोंद कॅथलिक पाद्र्याच्या वहीत. वकिली करायची तरी पाद्र्याचा दाखला हवा. कालासचा थोरला मुलगा मार्क-आंत्वान कायदा शिकलेला, वय २८, आणि दाखला मिळेना. बापाच्या गल्ल्यावर बसणं जिवावर यायचं. जुगाराचाही नाद लागलेला.

१३ ऑक्टोबर १७६१ची रात्र. जेवायला आई-बाप, मार्क-आंत्वान, धाकटा पिएर आणि पिएरचा एक मित्र. थोरला लवकर उठून खाली गेला. बऱ्याच वेळानं पाहुणा निघाला, त्याला दिवा दाखवायला पिएर जिना उतरला. दुकान आणि वखारीच्या मधल्या दाराच्या दोन फळ्यांवर कापडाचे गठ्ठे आवळायचा लाकडी दांडका आडवा टाकलेला, त्याला दोर, आणि दोराला भाऊ. कोट काढून, घडी घालून गल्ल्याच्या फळीवर ठेवलेला. अंगातला सदरा चुरगळलेलासुद्धा नव्हता, केस नीट विंचरलेले.

आता इथं घरच्यांनी एक थाप मारली. त्या काळी आत्महत्या केलेल्याच्या प्रेतावरही खटला चाले, आणि प्रेत पालथं घालून गावातून फरफटत नेत. पोराची ती विटंबना टळावी म्हणून त्यांनी आधी सांगितलं की कुणीतरी गळा आवळून मारलंय. पुढे खरं बोलले, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दारात गर्दी जमली. गर्दीतून आवाज उठला: पोरगा कॅथलिक व्हायला निघाला होता, म्हणून बापानं मारला. कोण ओरडलं ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. शहराचा अंमलदार दाव्हिद दे बोद्रिग यानं तिथल्या तिथं सगळ्यांना उचललं, कॅथलिक मोलकरणीसकट. पंचनामा घरी न करता कचेरीत बसून लिहिला. पुढं चर्चमधून फर्मान वाचलं गेलं की, या खुनाबद्दल ज्यानं काही पाहिलं असेल, ऐकलं असेल, त्यानं येऊन सांगावं. माहीत असून गप्प बसेल तो धर्माबाहेर. फर्मानाच्या भाषेत खून झाला हे आधीच धरलेलं. 'कालासच्या बाजूनं कुणाला काही ठाऊक असेल तर' असा प्रश्नच नाही. मेलेल्या मुलाला हुतात्मा ठरवून थाटात कॅथलिक पद्धतीनं पुरलं. एका धर्ममंडळानं तर त्याच्या नावानं एका शस्त्रवैद्याकडून सांगाडा आणून उभा केला. १७६२ हे शहरातल्या प्रोटेस्टंटांच्या कत्तलीचं द्विशताब्दी वर्ष होतं, आणि ती कत्तल तिथं दरसाल सणासारखी साजरी होई. हवा कशी असेल, कल्पना करा.

पुराव्याचंही एक गणित होतं. पूर्ण पुरावा म्हणजे दोन प्रत्यक्ष साक्षीदार किंवा कबुली. पण तुलूजच्या न्यायालयात पाव पुरावा, अष्टमांश पुरावा असेही तुकडे चालत. फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरनं पुढे चेष्टा केली आहे की, ऐकीव गोष्ट पाव, त्याहून पोकळ अफवा अष्टमांश, म्हणजे आठ अफवा मिळून एक पूर्ण पुरावा झाला.

१३ न्यायाधीश बसले. ८ विरुद्ध ५. ९ मार्च १७६२ला निकाल, १० मार्चला अंमल. आधी साथीदारांची नावं काढायला हातपाय ताणले, मग नरड्यात पाणी ओतलं. ६३ वर्षांचा म्हातारा, नाव घेईना. मग साँ-जॉर्ज चौकात लोखंडी कांबीनं हाडं मोडली, चाकावर दोन तास ठेवला, गळा आवळला, जाळला. शेवटपर्यंत 'मी निर्दोष' एवढंच.

न्यायाधीशांची पंचाईत झाली. म्हातारा फुटेल, बाकीच्यांची नावं घेईल, मग सगळ्यांचा निकाल लावू, असा बेत होता. तो फुटला नाही. मग पिएरला हद्दपार केलं, बाकीचे सोडले. व्हॉल्टेअरनं नेमकी इथंच पाचर मारली: ती सगळी माणसं रात्रभर एकत्र होती. धडधाकट २८ वर्षांच्या पोराला एकटा म्हातारा टांगू शकत नाही. मग दोषी असतील तर सगळे, नाहीतर कुणीच नाही. एकालाच दोषी धरणारा निकाल स्वतःच स्वतःला खोटा ठरवतो.

व्हॉल्टेअर तेव्हा साठी उलटून गेलेला, जिनिव्हाच्या वेशीवर फेर्ने इथं राहणारा. बातमी कळली तेव्हा त्यानं आधी कालासचीच टर उडवली होती. मग शंका आली, कालासचा आणखी एक मुलगा दोना जिनिव्हाला पळून आला होता त्याला बोलावून उलटतपासणी घेतली, आणि मग तीन वर्षं हा माणूस हात धुऊन मागे लागला. पत्रं, पत्रं, पत्रं. १७६३ साली सहिष्णुतेवरचं पुस्तक. पॅरिसचे नामांकित वकील गाठले. यातली मेख अशी, की पुस्तकाला छपाईआधी सरकारी तपासणी लागे, पण वकिलानं सही करून छापलेल्या कैफियतीला लागत नसे. त्यामुळे खटल्याची कैफियत कादंबरीसारखी छापून गावभर वाटता येई. ७ मार्च १७६३ला राजाच्या कौन्सिलनं तुलूजकडून दप्तर मागवलं, ४ जून १७६४ला निकाल रद्द झाला, ९ मार्च १७६५ला, म्हणजे बरोबर तीन वर्षांनी, कालास निर्दोष. राजानं कुटुंबाला ३६,००० लिव्र दिले.

इथवर गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. मला खटकलं ते पुढे. त्या १७६३च्या पुस्तकात व्हॉल्टेअरचा सगळा रोख धर्मवेडावर आहे. चाकाबद्दल त्याची मूळ तक्रार अशी नाहीच. निर्दोष माणूस चाकावर गेला, हे दुःख. दोषी असता तर? त्याबद्दल पुस्तक गप्प. मग १७६४मध्ये मिलानच्या चेझारे बेकारियाचं गुन्हे आणि शिक्षांवरचं छोटेखानी पुस्तक निघालं, आधी निनावी, लेखकाचं वय जेमतेम २६. ते वाचून व्हॉल्टेअरनं १७६६ला त्यावर भाष्य लिहिलं, आणि तेव्हा कुठं तो छळाच्या विरुद्ध सरळ बोलला. बेकारियाचा युक्तिवाद दोन ओळींचा आहे: गुन्हा सिद्ध असेल तर कायद्यानं ठरवलेली शिक्षा द्या, छळाची गरज काय? सिद्ध नसेल तर समोरचा निर्दोष, आणि निर्दोषाला छळता कसे?

हे आत्ताच का आठवलं? आमच्या शाळेच्या ग्रुपवर एका 'चोराला' चोपतानाचा व्हिडिओ आला. खाली अंगठ्यांची रांग, त्यात माझाही. दोन दिवसांनी कळलं की माणूस भलताच होता. मग हळहळ, 'अरेरे, निरपराध माणसाला मारलं'. माझ्यासकट सगळे १७६३च्या व्हॉल्टेअरपाशी थांबलेलो.

---

चिंचोका, रवि, रात्री १०:०५

जबरी. कोटाची घडी डोक्यातून जात नाहीये.

---

तिरकस, रवि, रात्री ११:४८

लिखाण झकास, पण आरती आवरा. व्हॉल्टेअर सरदार-दरकदारांना व्याजानं पैसे देणारा बडा आसामी होता, ज्यूंबद्दल त्यानं लिहिलेलं आज वाचवत नाही. लॉकसाहेबांचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत गुंतलेले. 'सर्व माणसं समान जन्मतात' लिहिणाऱ्या जेफरसनच्या मळ्यावर आयुष्यभरात सहाशेवर गुलाम. आणि बेकारियाचं कौतुक करताना हे सांगायचं राहिलं, की फाशीऐवजी त्यानं काय सुचवलं: जन्मभराची सक्तमजुरी. ती फाशीपेक्षा जास्त धाक घालते म्हणून! ही दया नाही, हिशेब आहे.

शिवाय यांच्याच चेल्यांनी पुढे काय केलं ते बघा. फ्रेंच राज्यक्रांतीचा पुढारी रोबेस्पिएर, यानं ३० मे १७९१ला सभागृहात मृत्युदंडाच्या विरोधात भाषण केलं होतं. तीनच वर्षांनी, जून १७९४मध्ये, त्याच्या राजवटीनं असा कायदा केला की आरोपीला वकीलच नको. कालासला निदान पाव-अष्टमांश पुरावे तरी मोजून मिळाले.

---

ओटीवरून, सोम, सकाळी ७:३०

तिरकसराव, सगळं मान्य. आरती करायची असती तर त्यानं आधी टर उडवली होती हे मी लिहिलंच नसतं. हिशेबाबद्दल मात्र थोडं भांडतो. बेकारियानं एक खोचक गणित मांडलंय: अमक्या माणसाच्या स्नायूंचं बळ आणि नसांची संवेदना दिली आहे, तर त्याच्याकडून अमुक गुन्हा कबूल करवून घ्यायला किती वेदना लागेल ते काढा. म्हणजे छळातून जे निघतं ते सत्य नसतं, सहनशक्तीचं माप असतं. दणकट गुन्हेगार सुटतो, किरकोळ अंगाचा निर्दोष अडकतो. हिशेबी माणूसच हे इतकं स्वच्छ पाहू शकला. दयाळू माणसं कालासवर रडत बसली होती.

---

गारोनकाठचा, सोम, दुपारी २:२०

अरे वा, आमच्या गावावर धागा! विमानाच्या कारखान्यामुळे गेली नऊ वर्षं तुलूजला आहे, त्यामुळे आधी उच्चाराचा आगाऊपणा: कालासमधला शेवटचा स उच्चारतात. धागाकर्त्यानं बरोबर लिहिलाय, पॅरिसच्या सवयीनं 'काला' म्हणू नका.

ते घर अजून उभं आहे, आजचा नंबर ५०. कार्म मंडईपासून चालत दोन-तीन मिनिटं. मंडई म्हणजे खाली भाजी-चीज-मासे आणि वर मजल्यावर मजले गाड्यांचा तळ. दर शनिवारी तिथून पिशव्या घेऊन त्याच गल्लीतून येतो. अरुंद गल्ली, गुलाबी विटांची घरं, खाली दुकानं. धागा वाचून काल संध्याकाळी मुद्दाम थांबलो. शेजारी पोरं आइस्क्रीम खात उभी होती. गर्दी जमली म्हणजे किती जमली असेल याचा अंदाज आला: गल्ली इतकी चिंचोळी की पन्नास माणसं म्हणजे महासागर. त्यात कुणी एक ओरडला तर कोण ओरडला हे खरंच कळणार नाही.

साँ-जॉर्ज चौक म्हणजे आज नुसत्या खुर्च्या-टेबलं, उन्हाळ्यात जागा मिळत नाही. आमची ऑफिसची मंडळी तिथंच जेवतात. एकदा एका फ्रेंच सहकाऱ्याला विचारलं तर म्हणाला, हो, शाळेत होतं की ते, व्हॉल्टेअरच्या धड्यात. आणि बिलाकडे वळला.

एक पुरवणी. फ्रान्सनं मृत्युदंड रद्द केला तो १९८१ साली. गिलोटिन शेवटचं वापरलं १९७७ला, मार्सेयच्या तुरुंगात. बेकारियापासून दोनशेवर वर्षं लागली.

---

काळाकोट, सोम, रात्री ९:५५

दिवसभर कोर्टात होतो, आता लिहितो. धागाकर्त्यानं तुलूजवर थांबवलं, पण दोरी आमच्या वकिलांच्या बारपर्यंत येते.

पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हा नियम १८७२च्या पुरावा कायद्यात कलम २५ म्हणून होता. त्याही आधी १८६१च्या फौजदारी प्रक्रियेत होता. नवीन साक्ष्य अधिनियमात तोच कलम २३ झाला आहे. हा नियम कुठल्या तत्त्वज्ञाच्या पुस्तकातून थेट उतरला असं समजू नका. १८५५ साली मद्रास इलाख्यात कंपनीच्याच आयोगानं अहवाल दिला होता की सारावसुलीसाठी आणि तपासासाठी सर्रास छळ होतो. बोटं चिमटायचं 'किट्टी' नावाचं लाकडी यंत्र त्यात आहे, माणसाला वाकवून बांधून ठेवणं आहे. ज्या इंग्लंडात लॉक जन्मला त्याच इंग्लंडच्या कंपनीच्या राज्यात! तिरकसरावांना हे आवडेल.

१८७२चा कायदा लिहिणारा इंग्रज कायदेपंडित स्टीफन. त्यानं पुढे एक गोष्ट नोंदवली आहे. इथला पोलीस छळ का करतो, असा विषय निघाला तेव्हा एका अनुभवी अधिकाऱ्यानं त्याला सांगितलं, की आळस हे त्यातलं मोठं कारण. उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत मिरची चोळणं कितीतरी सुखाचं. दीडशे वर्षांपूर्वीचं हे वाक्य मी नव्या ज्युनियरांना पहिल्याच आठवड्यात सांगतो.

आता तुमचा मूळ मुद्दा. राज्यघटनेचं कलम २०(३) म्हणतं, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही. कुठल्या आरोपीला? कुठल्याही. 'निर्दोष आरोपीला' असं लिहिलेलं नाही. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नार्को चाचणीची सक्ती याच कलमावर अडवली. कागदावर आपण १७६६च्या व्हॉल्टेअरच्या पुढे आहोत.

आणि कागदावरच अपवादही आहेत. आपल्या महाराष्ट्राचाच १९९९चा मोक्का घ्या, कलम १८. अधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यासमोरची कबुली तिथं ग्राह्य. अटी आहेत, पण दार उघडं ते उघडंच. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९७ला सही केली, मंजुरी अजून दिलेली नाही. २०१०ला लोकसभेत विधेयक मंजूर झालं, राज्यसभेच्या समितीकडे गेलं आणि तिथून पुढे सरकलंच नाही.

---

मांडवीतीर, मंगळ, सकाळी १०:४०

आमच्या गोंयचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून मीच घेते. व्हॉल्टेअरला गोवा चांगला ठाऊक होता, न पाहता. देलाँ नावाच्या फ्रेंच वैद्याला १६७३ साली दमणला पकडून गोव्याच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाच्या, कोठडीत टाकलं होतं. १६७६च्या जाहीर सोहळ्यात त्याला गलबतावरच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. सुटून गेल्यावर १६८७मध्ये त्यानं सगळं छापलं. ते पुस्तक युरोपभर वाचलं गेलं. व्हॉल्टेअरनं १७६९ला अमाबेद नावाच्या भारतीय तरुणाच्या पत्रांची एक कादंबरिका लिहिली, त्यात तो आणि त्याची बायको याच गोव्याच्या कचेरीच्या तावडीत सापडतात.

त्या कोठडीचा एक नियम देलाँनं सांगितला आहे. तुमच्यावर आरोप काय, आरोप करणारा कोण, हे सांगायचं नाही. तुम्हीच ओळखायचं आणि तुम्हीच कबूल करायचं. काय कबूल करायचं तेसुद्धा आठवत बसायचं! कालासला निदान आरोप माहीत होता.

पोर्तुगालचा पोंबाल हा या नव्या विचारांचा मंत्री. त्यानं १७७४ला गोव्याची ती कचेरी बंद केली. राजा गेला, पोंबाल गेला, १७७८ला ती परत उघडली. कायमची बंद झाली १८१२मध्ये. त्यामुळे 'विचार आले आणि अंधार गेला' असं काही नसतं. एक मंत्री जातो आणि कोठडीचं कुलूप परत निघतं.

---

बोरूबहाद्दर, मंगळ, दुपारी १२:१५

आपल्याकडेही पेशवाईच्या अखेरीपर्यंत 'दिव्य' होतंच की. वतनाच्या भांडणात साक्षीपुराव्यानं निकाल लागेना की 'रवा' काढायचा. कढत तेला-तुपातून धातूचा तुकडा उचलायचा, मग हात पिशवीत बांधून मोहर करायची, तिसऱ्या दिवशी पिशवी सोडून पाहायचं. जखम नाही तर खरा. तो निवाडा महजरावर, म्हणजे निवाडपत्रावर, लिहून ठेवत.

फरक एकच वाटतो. दिव्यात देव बोलतो अशी श्रद्धा होती. तुलूजला माणसाकडून बोलून घ्यायचं होतं. दोन्हीकडे भाजणारी कातडी तीच.

---

तिरकस, मंगळ, दुपारी १२:५०

बोरूबहाद्दर, शेवटची ओळ चोरतोय.

---

मोगरी, मंगळ, रात्री ८:३०

सगळे पुरुषांचीच नावं घेताय. कालासची बायको पाच महिने तुरुंगात होती. थोरला गेला, नवरा गेला, मुलींना मठात नेऊन ठेवलं. त्या अवस्थेत ती व्हॉल्टेअरच्या सांगण्यावरून पॅरिसला गेली आणि वकिलांच्या पायऱ्या झिजवल्या. कुटुंबाचं एक चित्र काढून त्याच्या छापील प्रती विकून वर्गणी गोळा केली गेली. आणि ती मोलकरीण, झान व्हिगिएर, कॅथलिक! तिनं मालकाविरुद्ध चार शब्द बोलले असते तर लगेच सुटली असती, वर शाबासकी मिळाली असती. नाही बोलली. सगळ्या गोष्टीत मला तिचं सर्वांत नवल वाटतं. तिच्यावर कुणी ग्रंथ लिहिले नाहीत.

पुढचं फार लांबवत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या १७८९च्या जाहीरनाम्याचं नावच 'पुरुषाचे आणि नागरिकाचे हक्क' असं वाचता येतं, कारण फ्रेंचमध्ये माणूस आणि पुरुष एकच शब्द. ओलँप द गूज या फ्रेंच लेखिकेनं १७९१ला स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा त्याच साच्यात लिहून दाखवला. बाईला वधस्तंभावर चढायचा हक्क आहे, तर व्यासपीठावर चढायचाही असला पाहिजे, असं त्यात आहे. ३ नोव्हेंबर १७९३ला तिला पहिला हक्क मिळाला.

---

ओटीवरून, मंगळ, रात्री ९:०५

मोगरीताई, मोलकरणीचं मी एका शब्दात उरकलं, चूक झाली.

---

रानवारा, बुध, सकाळी ६:५०

फुले आणि टॉमस पेन राहिले की. जोतिरावांनी पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक १८४७ साली वाचलं, विशीत. पुढच्या वर्षी मुलींची शाळा. हे सगळ्यांना माहीत आहे. पण धाग्याच्या विषयाशी पेनची दुसरी गोष्ट जास्त जुळते. हा माणूस राजेशाहीचा कट्टर वैरी. फ्रान्सच्या सभागृहात निवडून गेला. जानेवारी १७९३मध्ये सोळाव्या लुईला मारायचं की नाही यावर मतदान आलं, तेव्हा पेननं सांगितलं: मारू नका, अमेरिकेत हद्दपार करा. राजा त्याच्या लेखी दोषी होता, पुरता दोषी. तरी नको म्हणाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो स्वतः पॅरिसच्या तुरुंगात, दहा महिने.

म्हणजे धागाकर्त्याच्या मोजपट्टीवर १७६३चा व्हॉल्टेअर, १७६६चा व्हॉल्टेअर, आणि मग पेन.

---

नाममात्र, बुध, सकाळी ९:१०

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४च्या आकाशवाणीवरच्या भाषणात स्पष्ट सांगितलं आहे की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नाहीत, माझे गुरू बुद्ध यांच्याकडून घेतले आहेत. सगळ्या गोष्टींची गंगोत्री पॅरिसमध्येच शोधायची सवय सोडा, एवढंच.

---

पाटावरची, बुध, रात्री १०:३०

पहिल्यांदाच लिहितेय, आजवर वाचनमात्र होते. माझा सख्खा भाऊ पोलिसात आहे, तालुक्याच्या ठाण्यात. नाव-गाव सांगत नाही. काळाकोटांची मिरचीची गोष्ट त्याला वाचून दाखवली. तो हसला नाही. म्हणाला, 'उन्हात हिंडायला माणसं द्या की मग.'

त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत देते. 'घरफोडी झाली की तिसऱ्या दिवशी गावचा पुढारी फोन करतो, आरोपी मिळाला का. त्याच आठवड्यात जत्रेचा बंदोबस्त, मंत्र्याचा दौरा, दोन समन्स, एक बेवारस प्रेत. ठसे घेणारी गाडी जिल्ह्याहून येईपर्यंत घरच्यांनी फरशी पुसलेली असते. लोकांना निकाल पाहिजे आज. मग जो आधी सापडला होता त्यालाच परत आणतो. आणि एक सांग तुझ्या त्या लोकांना: मी मारलं नाही तर लोकच म्हणतात, साहेबानं पैसे खाल्ले.'

शेवटचं वाक्य मला काही नवं नव्हतं. आमच्याच घरी चोरी झाली तेव्हा माझ्या सासूबाईंनी जरबेच्या आवाजात हेच म्हटलं होतं, 'दोन दिल्याशिवाय बोलतो का तो'. मी तिथंच उभी होते. ज्याला आणलं होतं तो आमच्या शेतावर कामाला येणारा. चार दिवसांनी दागिने घरातच सापडले, धान्याच्या कोठीत, सासूबाईंनीच ठेवलेले. तो मुलगा नंतर आमच्या बांधावर कधी फिरकला नाही. कुणी बोलावलंही नाही.

---

काळाकोट, बुध, रात्री ११:२०

पाटावरची, लिहिलंत हे फार बरं केलंत. भावाला माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की तो बरोबर बोलतोय. बेकारियाच्या पुस्तकातला दुसरा अर्धा भाग हाच आहे. शिक्षा किती कठोर यापेक्षा ती किती हमखास, किती लवकर, यानं गुन्हा कमी होतो. म्हणजे माणसं, ठसे, दप्तर, वेळेवर सुनावणी. पहिला अर्धा भाग घटनेत घालायला शाई पुरते. दुसऱ्याला अंदाजपत्रक लागतं.

तुलूजच्या बोद्रिगनं त्या रात्री पंचनामा घरातच केला असता, दाराची उंची, दांडक्याची लांबी, दोर, सगळं मोजून लिहिलं असतं, तर बहुधा खटलाच उभा राहिला नसता. ते काम तासाभराचं होतं.

---

तिरकस, गुरु, सकाळी ८:०२

यावर काही तिरकस सुचत नाही. धागा वाचनखूण.

---

गारोनकाठचा, गुरु, दुपारी १:४५

काळाकोट, एक शंका. दांडका दाराच्या दोन फळ्यांवर आडवा ठेवला होता ना? मग त्याला माणसाचा भार पेलतो का, तो गोल दांडका घरंगळत नाही का, यावर तेव्हाही वाद झाला असणार. आमच्या विभागात भाराचं गणित करणारी दोन रिकामटेकडी माणसं आहेत, त्यांना कामाला लावतो.

---

ओटीवरून, गुरु, रात्री ९:४०

लावा, लावा. आकडे इथं टाका.

दरम्यान धाग्याचा दुवा धीर करून शाळेच्या ग्रुपवर टाकला. चोवीस तासांत एकच उत्तर आलं. ज्यानं तो चोपण्याचा व्हिडिओ टाकला होता त्याचंच. 'एवढं लांब कोण वाचणार बाबा. पण सुरुवातीचं वाचलं. कोट घडी करून ठेवला होता म्हणजे त्यानंच केलं असणार ना? एवढं साधं कसं नाही दिसलं कुणाला?'

व्हिडिओ अजून ग्रुपवर आहे. माझा अंगठा मी काढला.